लॅपटॉपमधला खालिद

चार दिवस झाले, यामिनी खोलीत आली की सत्यजित झटकन लॅपटॉप मिटायचा. कुठेतरी पाणी मुरत होतं. शनिवारी तो ग्रोसरी आणायला गेला, तशी तिने त्याच्या ब्राउझरची हिस्टरी उघडली. तिला वाटलं होतं, एखादी बाई निघेल. निघाला खालिद बिन वलीद, चौदाशे वर्षांपूर्वीचा अरब सेनापती! लेख, व्हिडिओ, नकाशे, सगळीकडे तोच. इथे चँडलर शहरातल्या त्याच्या ऑफिसातला तो युसूफ लंचच्या नावाखाली याला मशिदीत तर नेत नसेल?

सत्यजित पिशव्या घेऊन आला, तर तिने दारातच गाठलं. "हा खालिद कोण? कोण भरवतंय हे तुझ्या डोक्यात?"

त्याने दुधाचा गॅलन ओट्यावर ठेवला. "युसूफनेच सांगितलं. एकही लढाई हरला नाही म्हणतात. तरी खलिफाने एक पत्र पाठवून सेनापतिपद काढून घेतलं."

"मग?"

"मग काय! कालपर्यंत ज्याला हुकूम द्यायचा, त्याच्याच हाताखाली लढत राहिला."

"पण तुला काय करायचंय त्याचं?"

"मंगळवारी मला ईमेल आला. ज्या निमिषला मी काम शिकवलं, तो परवापासून माझा मॅनेजर. नोकरी सोडावी तर व्हिसा जातो."

यामिनीने त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"सगळ्यांनी खालिदच्या लढायाच लिहून ठेवल्यात गं," सत्यजित म्हणाला. "पत्र आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो तंबूतून बाहेर कसा आला, ते कुठेच सापडत नाही."