छातीचा साचा

"आता इथे दाबा," वहिनी म्हणाली.

इन्स्पेक्टरने साच्यात हात घातला, बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. बोटाला चिकट लगदा लागला होता.

"आणि इथे?"

वीतभर अंतरावर सिलिकॉन जाड कातड्यासारखं घट्ट होतं. तिथे बोटाला काही लागलं नाही.

टेबलावर आडवा पडलेला हा साचा छातीचा. सिनेमातल्या एका राक्षसाचा पोशाख सात तुकड्यांत तयार होत होता. पाठ, हात, पाय आणि शेपूट हे बाकीचे सहा तुकडे भिंतीला टेकवून ठेवले होते. प्रत्येक तुकड्यात ब्रशने सिलिकॉनचे थर द्यायचे आणि मग सगळे कडेला कडा लावून बोल्टांनी आवळायचे, असं हे काम. काल दुपारी उस्ताद, म्हणजे वहिनीचा नवरा, छातीला दुसरा थर देत होता. त्या ओल्या थरातच कुणीतरी त्याचं तोंड दाबून धरलं. त्याआधी डोक्यात पानाही घातला होता, पण डॉक्टरांनी स्पष्ट लिहून दिलं होतं: माणूस घावाने गेला नाही, नाकातोंडात सिलिकॉन जाऊन गुदमरला. साच्याच्या मधोमध त्याच्या चेहऱ्याचा खड्डा तसाच होता. उघडं तोंड, वरचे दात, मोडलेलं नाक. कडेला रक्त वाळून काळं पडलं होतं.

चिकट जागा त्या खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना होत्या. डोकं धरून दाबताना मारणाऱ्याची बोटं रुतली होती, तिथेच.

"यातून मी काय समजायचं?" इन्स्पेक्टर म्हणाला.

"मारणाऱ्याच्या हातात पांढरे रबरी मोजे होते. दवाखान्यात असतात तसले. त्या रबरात गंधक असतं, साहेब. गंधक लागलं की हे सिलिकॉन जन्मात आळत नाही."

"तुम्ही कुठले घालता?"

"हे निळे. पांढरे या दाराच्या आत आणायची सोय नाही. आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरसुद्धा ते घालणार नाही."

"दीर कोठडीत आहे म्हणून हे सुचतंय तुम्हाला."

"त्याच्यासाठीच सांगतेय," वहिनी म्हणाली. "उगाच कशाला तोंड उघडलं असतं मी?"

खोटं कशाला बोला, तिचा जीवच होता धाकट्यावर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो नऊ वर्षांचा, आईविना वाढलेला. तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, तिनेच ब्रश धरायला शिकवलं. आणि उस्तादाचा हात म्हणजे काय विचारू नका. पट्टा, हातोडा, जे सापडेल ते. दोन वर्षांपूर्वी खांद्याचा एक तुकडा बिघडला, तर त्याने धाकट्याचा हात मोडून ठेवला होता. वहिनीच्या भुवईवरचे पाच टाकेही त्याचीच मेहेरबानी. काल शेपटीच्या साच्याचा कोपरा उडाला आणि त्याने धाकट्याच्या कपाळात पाना हाणला. शेजारच्या वेल्डरने धाकट्याला रक्तबंबाळ पळताना पाहिलं. पोलिसांना तेवढं पुरलं.

"चुकून घातले असतील," इन्स्पेक्टर म्हणाला. "रागाच्या भरात माणूस काहीही करतो."

"बारा वर्षांचा असताना घातले होते एकदा. अख्खी शेपूट वाया गेली. यांनी त्याची बोटं दाराच्या फटीत घालून दार लावलं. त्यानंतर तो त्या मोज्यांच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही." वहिनी एक पाऊल पुढे आली. "मारामारी झाली, ती तो कबूलच करतोय. पण यांचा जीव त्याने घेतला नाही, साहेब. म्हणाल त्याची शपथ घेते."

इन्स्पेक्टर काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने ताज्या सिलिकॉनवर आधी उघडा हात, मग निळे मोजे, मग पांढरे मोजे उमटवून पाहिले. दुसऱ्या दिवशी पांढऱ्यांची जागा तेवढी ओली राहिली होती. शहरातल्या दुसऱ्या दोन साचेवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, हे या धंद्याबाहेरच्या माणसाचं काम. साच्यातले ठसे फिसकटलेले, त्यामुळे हाताचं मापही लागेना. धाकटा पळाल्यावर कुणीतरी परका आत शिरला, असं ठरलं आणि आठव्या दिवशी धाकटा सुटला.

तो घरी आला तो थेट वहिनीच्या पायांशी बसला. कपाळावरची जखम पिकली होती. वहिनी कोमट पाण्याने ती पुसायला लागली.

"वहिनी, तुझ्यापाशी खोटं बोलवत नाही," तो म्हणाला. "मी मोजे घातलेच नव्हते. पाना हिसकावून त्याच्या डोक्यात घातला आणि उघड्या हातांनी दाबला दादाला. हलायचा थांबला तेव्हा सोडला."

"माहीत आहे."

त्याने मान वर केली.

"तू पळालास आणि मी वरच्या खोलीतून खाली आले," वहिनी म्हणाली. "तुझी दहाच्या दहा बोटं उमटली होती. केसांना रंग लावायचे माझे पांढरे मोजे वरून आणले आणि त्यांचं डोकं मधे धरून तुझ्या ठशांवर हात दाबले."

धाकट्याला हुंदका आवरेना. "माझं पाप झाकलंस तू."

"झाकायलाच गेले होते रे," वहिनीने त्याच्या कपाळावर फडकं धरलं. "पण मी दाबलं तेव्हा ते श्वास घेत होते."