रोवण्याची चाल

लकव्याने ताराबाईचा डावा पाय लुळा पडला, त्याला तिसरा महिना. चंद्रपूरच्या दवाखान्यातला रोबोट तिचे दोन्ही पाय धरून तिला सरकत्या पट्ट्यावर चालवी, पण पडद्यावर डाव्या पायाचा जोर रोज शून्यच दिसे. "आजी, पाय समोर टाका," थेरपिस्ट दिव्यानी म्हणाली. "समोर काऊन, पोरी? चाळीस साल बांधीच्या चिखलात धानाच्या रोपांचा रोवना केला. रोवतानी बाई मांगं मांगं सरकते. उलटी चालव तुही मशीन." दिव्यानीने हसत पट्टा उलटा फिरवला. ताराबाई सकाळीच सुनेकडून मागवलेली धानाच्या रोपांची पेंडी हातात घेऊन कमरेत वाकली. डावा पाय आपणहून मागे सरकला. पडद्यावर शून्याचे चार झाले, मग अकरा, मग वीस. "आजी, थकल्या असाल, थांबवू?" ताराबाईने वर पाहिलंही नाही. "मशीन थकली असंल त तिले वावराच्या कडेले धुऱ्यावर बसव. मी बांधी पुरी करूनच येतो."