पिंपातलं पाणी

दवाखान्यातून फोन आला तेव्हा शिंपी पिंपातलं पाणी ढवळत होता. बायको गेल्याचं पलीकडच्या बाईने हळू आवाजात सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि पुन्हा ढवळायला लागला. त्या दिवशी पाणी निवळलंच नाही.

त्यानंतरही निवळेना. नळाला नदीचं गढूळ पाणी यायचं. बायको शेवग्याच्या वाळलेल्या बिया सोलून कुटायची, पेलाभर पाण्यात कालवून पिंपात गाळायची. दुपारपर्यंत गाळ खाली बसायचा आणि तळ दिसायचा. शिंप्याने सगळं तसंच केलं. बिया त्याच, पिंप तेच. बिया वाढवल्या, मग कमी केल्या. पाणी चहासारखंच.

आईच्या दिवसांना आलेल्या मुलीने तोपर्यंत त्याची पिशवी भरली होती.

"आयुष्यभर लोकांची मापं काढलीत, बाबा, आणि मूठभर बियांचं माप जमेना? हे पाणी पिऊन आजारी पडाल. घराला कुलूप लावू, चला माझ्याकडे."

"मी कुठेही येणार नाही. उद्या जमेल."

"रोज तेच म्हणता. आईच्या वेळी कसं जमायचं?"

"बिया ती घालायची. ढवळायचो मीच."

"मग किती वेळ ढवळायचात?"

शिंपी गोंधळला. हे त्याला कधी कोणी विचारलंच नव्हतं. घड्याळ तर त्याने कधी पाहिलं नव्हतं. ती शेजारणीवर करवादायची तेव्हा त्याचा हात भरभर चालायचा. मग ती माहेरच्या आठवणी काढायची, तेव्हा आपोआप हळू व्हायचा. आता घरात आवाज नव्हता, आणि हात थांबतच नव्हता; बसू लागलेला गाळ पुन्हा उसळायचा.

"तुझ्या आईचं बोलणं संपेपर्यंत," तो म्हणाला.

मुलीने पिशवी बाजूला सारली, स्टूल ओढलं आणि पिंपाजवळ बसली.

"ढवळा. माझ्या सासूने परवा काय केलं ते ऐका."

ती आधी तणतणली, मग हळूहळू दमली. ती थांबली तशी शिंप्याने काठी बाहेर काढली. दुपारी पिंपाचा तळ दिसला. मुलीने पेला भरून घेतला, उजेडात धरला आणि पिऊन टाकला. कुलपाचा विषय पुन्हा निघाला नाही.

संध्याकाळच्या गाडीने ती एकटीच गेली. उद्या पिंपाजवळ कोणी बसायचं, हे ठरायचं राहून गेलं.