आयती मांडणी

काशीबाईंनी आज पुन्हा ‘मी नवीन आहे’ हेच बटण दाबलं. मोबाइलमधलं ॲप पहिल्यापासून शिकवायला लागलं. ऋत्विकने कपाळावर हात मारला.

“गो आई, तू नवीन कशी? रोज वापरतेस की! दुसरं दाब, ‘मी रोजची आहे’.”

“मला तर नवीनच वाटतंय रे,” काशीबाई ओशाळून म्हणाल्या.

ऋत्विकचा धंदाच हा. नोंदी ठेवायचं हे ॲप हवं तसं बदलता येतं, आणि म्हणूनच नवखा माणूस त्यात शिरला की गांगरतो. महाडच्या ऑफिसात बसून ऋत्विक अशांना आयती मांडणी करून देई. हिरकणीवाडीच्या गाइडांना एक, वीर स्टेशनच्या रिक्षावाल्यांना दुसरी. उघडा आणि वापरा. आईची मात्र त्याने जीव ओतून केली होती. गोळ्या, कोंबड्या, गॅस बंद केला का, आणि ऋत्विक वरंधला घरी कधी येणार. आई हळूहळू विसरत जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. सगळं विसरू दे, मला विसरू नको, एवढंच त्याचं मागणं होतं.

तो उठून माठातलं पाणी प्यायला. फळीवर गुळाचा डबा होता. लहानपणी तो त्यासाठी हात पसरायचा तेव्हा आई टपली मारायची. “गूळ-पानी पाव्हन्याला. तू काय पाव्हना हायस?” त्याला ते फार लागायचं.

पुढच्या शनिवारी तो नवी मांडणी घेऊन आला. या खेपेला दोन्ही बटणं काढून टाकली होती. उघडलं की थेट त्याचाच फोटो, खाली ‘तुझा ऋत्विक’. आता चुकायची सोयच नव्हती.

काशीबाई दारातच उभ्या होत्या. त्याला पाहून त्यांनी डोक्यावर पदर घेतला. “या, बसा,” म्हणाल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या तांब्या-भांडं आणि बशीत गुळाचा खडा घेऊन.

हट्ट करूनही कधी न मिळालेला तो गूळ आज न मागता समोर आला होता. खिशातला मोबाइल त्याने काढलाच नाही.

“घ्या ना,” काशीबाई अगत्याने म्हणाल्या. “गावात नवीन दिसताय?”

त्याने खडा तोंडात टाकला.

“होय,” ऋत्विक म्हणाला. “मी नवीन आहे.”