ताबडतोब

चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी नाटकाचा अनुवाद छापायला निघाला होता आणि संपादकबाईंनी नेमक्या एका शब्दाची वाट लावली होती. मरणाऱ्या बापाजवळ बसलेल्या मुलीला नोकर सांगतो, वैद्य ‘प्रेझेंटली’ येतील. अनुवादकांनी लिहिलं होतं ‘ताबडतोब’. बाईंनी केलं ‘थोड्या वेळाने’.

“अहो, शब्दकोशात तसंच दिलंय,” बाई फोनवर म्हणाल्या.

“आजच्या शब्दकोशात! त्या काळी याचा अर्थ ताबडतोब असाच होता. किती वेळा तेच दळण दळायचं?” अनुवादकांचा पारा चढला.

“बाबा, टॅक्सी आलीये. बॅगाही ठेवल्या,” परदेशी शिकायला निघालेल्या लेकीने दारातून हाक मारली.

त्यांनी फोनवर हात ठेवला. “आलोच, बाळा.”

“मग अर्थ बदलला कसा?” बाईंचा प्रश्न.

“माणसांमुळे, बाई! ताबडतोब येतो म्हणायचे आणि यायचे नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं. शब्द बिचारा काय करणार?”

“बाबा, निघतेय मी!”

त्यांनी नुसताच हात वर केला. आणखी बराच वेळ हुज्जत घातल्यावर बाई हरल्या, ‘ताबडतोब’ कायम राहिलं. अनुवादक चपला न घालताच फाटकाकडे धावले. रस्ता रिकामा होता. बायको एकटीच डोळे पुसत परत येत होती.

“अगं, जरा थांबवायचं तरी तिला!”



“थांबली होती की. शेवटी तुमच्या वाटणीची मिठीही मीच मारली.”