आतून ‘मोंगो’

‘कुलोनुवुन.’

पडद्यावर हा शब्द उमटला आणि वेनिंगच्या हातातला सोयाबीनच्या टेंपेचा तुकडा तोंडापाशीच थांबला. जावा बेटावरच्या योग्या शहरातल्या त्या कचेरीत तिचं कामच हे होतं. लोकांचे पासवर्ड चोरणारे प्रोग्राम एका बंदिस्त कॉम्प्युटरवर सोडायचे आणि ते कसे वागतात ते बघत बसायचं. आजवर तिने नाना तऱ्हेचे चोर पाहिले होते. दारात उभं राहून ‘येऊ का आत?’ असं विचारणारा हा पहिलाच.

त्याने पुन्हा हाक मारली. मग तिसऱ्यांदा. दूर कुठेतरी बसलेल्या धन्याने ओ द्यावी, अशी त्याची अपेक्षा होती. पण इथलं इंटरनेट तोडलेलं होतं.

“आपल्या जावाचंच कार्टं दिसतंय कुणीतरी,” मागे उभे असलेले तिचे साहेब दार्सोनो म्हणाले. त्यांना सगळे आदराने ‘पाक’ म्हणत. “झाल्या तीन हाका. ओ आली नाही, तर आल्या पावली परत. रीतच आहे आपली.”

पण तो परत गेला नाही. त्याने स्वतःच ‘मोंगो’, म्हणजे ‘या’, असं लिहिलं आणि खुशाल आत शिरून पासवर्ड गोळा करू लागला.

“आयला! हाकही हाच मारतो, ओही हाच देतो!” दार्सोनोंना हसू आवरेना. “निर्लज्ज आहे लेकाचा.”

वेनिंगने हातातला तुकडा खाली ठेवला. असं करणारा एकच माणूस तिला माहीत होता. सेनो, तिचा धाकटा भाऊ. लहानपणी तो कुणाच्याही दारात तीन हाका मारायचा, मग म्हातारीचा आवाज काढून स्वतःच ‘मोंगो’ म्हणायचा आणि थेट स्वयंपाकघर गाठायचा. घरीही तेच. “म्बाक, खायला काय आहे?” थोरल्या बहिणीला तो म्बाक म्हणायचा.

कॉम्प्युटरची चांगली नोकरी देतो, असं सांगून एक दलाल त्याला समुद्रापार घेऊन गेला. पुढे फोन बंद झाला. तिकडे मुलांना कोंडून ठेवतात आणि कॉम्प्युटरवरून चोऱ्या करून घेतात, असं लोक दबक्या आवाजात सांगत. तेव्हापासून आईने, इबूने, दाराला कडी लावणं सोडलं. इबूचा डोळा लागला की वेनिंग हळूच उठून कडी लावायची. आशा करून करून ती थकली होती.

“आता माल कुठे पाठवतो ते बघू,” दार्सोनो म्हणाले. “इंटरनेट जोड आणि थोडं आमिष ठेव.”

आमिष म्हणजे खोटे पासवर्ड. एरवी ती कीबोर्डवर बोटं आपटून काहीबाही लिहायची. आज तिने पासवर्डच्या चौकटीत लिहिलं, ‘इबू कडी लावत नाही. मी लावते. ये ना रे.’

“ने बाबा, सगळं ने,” ती पुटपुटली. चोराने चोरी करावी म्हणून तिचा जीव तुटत होता.

माल गेला. मग नुसती वाट बघणं आलं. जेवताना तिचं लक्ष दाराकडे असायचं. तरी कडी ती अजून लावतच होती. उघड्या दाराकडे बघत झोपणं तिच्याच्याने होत नव्हतं.

एका दुपारी त्याच टोळीचा नवा प्रोग्राम हाती आला. तिने तो सोडला. तीन हाका झाल्या. चौथ्यांदा काहीच उमटलं नाही. एकाही पासवर्डला हात लागला नाही.

“बिघडलाय,” दार्सोनो म्हणाले. “टाक काढून.”

“बिघडला नाही, पाक. सुधारलाय.” वेनिंग म्हणाली. “आतून कुणी ओ देतंय का, म्हणून थांबलाय.”

तिने लिहिलं, ‘मोंगो.’

पडदा क्षणभर कोरा राहिला. मग एक ओळ उमटली.

‘कडी लावू नकोस, म्बाक.’