वांग्याची गाय

जपानमधलं हे बेट बाबांना बघायचं होतं. ते गेल्यावर आम्ही दोघीच आलो. भाड्याच्या गाडीत आई पहिल्या दिवसापासून मागे बसली; पुढची, माझ्या शेजारची सीट बाबांची.

वाटेत माणूस क्वचित दिसे, पण दारोदारी चार काड्यांच्या पायांवर काकड्या उभ्या होत्या. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "या दिवसांत गेलेली माणसं काकडीच्या घोड्यावरून भरधाव घरी येतात आणि वांग्याच्या गाईवरून रमतगमत परत जातात." त्यांनी आईच्या हातात एक काकडी, एक वांगं ठेवलं.

सकाळी आमच्याही दारात घोडा उभा होता.

"आणि गाय?" मी विचारलं.

"वांग्याचं काल भरीत नाही का खाल्लंस?"

मी गाडी सुरू केली, तशी पट्ट्याची घंटी वाजू लागली. माझा पट्टा लावलेला होता, आईचाही. समोर शेजारच्या रिकाम्या सीटचा दिवा लाल लुकलुकत होता. तिकडे बघायचा मला धीर होईना.

आईने मागून वाकून तो पट्टा अडकवला. घंटी थांबली.

"वळणांवर हळू घे गं," ती म्हणाली, "ह्यांना मळमळतं."